दोन धर्मशाळा

ख्रिस्ताच्या चरित्रांत जागा नाकारल्याची एक कथा आहे व त्याच्या उपदेशांत जागा दिल्याची दुसरी. बेथलेहेमच्या उतारशाळेंत जागा नव्हती म्हणून नवजात बालकास गव्हाणींत निजवावें लागलें. पुढें त्याच बालकानें मोठेपणीं शोमरोनी वाटसरूची गोष्ट सांगितली. वाटमाऱ्यांनीं अर्धमेल्या केलेल्या परक्या माणसास पाहून पुरोहित निघून गेला. पण शोमरोन्यानें त्यास उतारशाळेंत नेलें व पदरचीं दोन नाणीं देऊन त्याच्या शुश्रूषेची व्यवस्था केली. या दोन धर्मशाळांतील अंतर ज्यास उमगलें त्यास ख्रिस्तधर्माचें मर्म कळलें असें आम्ही समजतों. त्यासाठीं बाप्तिस्मा घ्यावा लागत नाहीं.

पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गहजब झाला! त्यांच्या धर्मांतराविषयीं मतभेद खुशाल असावा. परंतु १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढून त्यांनीं विधवांस आसरा दिला आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार मुली केडगांवीं आणिल्या, हें कोणास नाकारतां येईल? ओरड करणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं त्या मुलींस आपलें दार उघडलें होतें?

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. सिडकोनें वसविलेल्या खारघरांत टाटा स्मारक केंद्राची कर्करोगसंस्था आहे. तेथें दूरदूरचे रोगी येतात व उपचार महिनोन्‌महिने चालतात. भाड्याची खोली म्हणजे त्यांचें अर्धें औषधच. आडनांव विचारून किंवा चुलीवर काय शिजतें हें विचारून खोली नाकारण्याची रीत आमच्या शहरांस अपरिचित नाहीं.

घर कोणास द्यावें ही मालकाची मुखत्यारी, असें कोणी म्हणेल. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत तथ्य आहे. घटनेचें पंधरावें कलम दुकानें, उपाहारगृहें, विहिरी व तलाव यांचीं नांवें घेतें. भाड्याच्या खोलीचें घेत नाहीं. २००५ सालीं तर सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेचा, सभासदत्व स्वसमाजापुरतेंच ठेवण्याचा नियमही ग्राह्य धरला. पण गोष्टींतल्या त्या पुरोहितानेंही कोणता कायदा मोडला होता? तो केवळ रस्त्याच्या दुसऱ्या कडेनें निघून गेला.

कायदा जेथें मुका आहे तेथें शेजारधर्मानें बोललें पाहिजे. खारघरच्या गृहसंस्थांनीं पुढील सभेंत एवढाच ठराव करावा कीं, रोग्याच्या कुटुंबास खोली देतांना जात व धर्म विचारूं नये. नाताळचा तारा आवारांत त्यानंतर टांगावा. एका जिन्यानें चढउतार करण्यास जे राजी नाहींत, त्यांचें एक राष्ट्र व्हावें तरी कसें?