रिठा, नागीण आणि आईचं 'केमिकल'

परवा आईशी वाद झाला. विषय: नागिणीची लस. दोन वर्षांपूर्वी बाबांना नागीण झाली होती. पुरळ गेलं, पण ठणका कित्येक महिने गेला नाही. म्हणून आता आईने तरी लस घ्यावी असं माझं म्हणणं. आईचं उत्तर तयार: "या वयात ती केमिकल्स टोचून घ्यायची नाहीत मला." आणि मातोश्री शांतपणे रिठे भिजत घालायला निघून गेल्या!

आता गंमत बघा. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे. त्याच्या रेणूचा एक भाग पाण्यात रमणारा, दुसरा तेलात. म्हणून केसातलं तेल निघतं. पण आपल्या पेशीचं आवरणही स्निग्ध रेणूंचाच दुपदरी थर आहे. आत काय सोडायचं, काय नाही, हे तो ठरवतो. आमच्या भाषेत फायरवॉल. या थरात कोलेस्टेरॉल असतं. सॅपोनिन नेमकं त्यालाच चिकटतं, थराची घडी विस्कटते आणि भोकं पडतात. सॅपोनिनच्या द्रावणात लाल रक्तपेशी टाकल्या तर चक्क फुटतात. म्हणे नैसर्गिक!

मग वरण खाऊन आपण जगतो कसे? डाळीतही सॅपोनिन असतं की. पण ते आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. वाट बदलली की परिणाम बदलतो.

आणि ती लस? शिंग्रिक्स २०१७ साली अमेरिकेत मंजूर झाली, २०२३ मध्ये भारतात आली. तिच्या एका डोसात ५० मायक्रोग्रॅम सॅपोनिन असतं, चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीतलं. ते रोगप्रतिकारशक्तीला खडबडून जागं करतं. मोकळं टोचलं तर पेशी फोडेल, म्हणून कोलेस्टेरॉल घातलेल्या सूक्ष्म स्निग्ध गोळ्यांत बांधून देतात. त्याची भूक आधीच भागवलेली! पुण्यात सीरममध्ये बनणाऱ्या मलेरियाच्या आर-२१ लसीतही याच झाडाची सॅपोनिनं आहेत.

माझं मत एवढंच: 'नैसर्गिक की केमिकल' हा प्रश्नच चुकीचा आहे. किती, कुठून आणि कशात बांधून, हे विचारा. लसीनेही दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. ते लपवायचं कारण नाही.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी सांगायचंस ना, झाडाचीच आहे म्हणून!"

कपाळाला हात लावला. पण डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. उरलेला वाद पुढच्या वीकेंडला.