सगळ्यांना ठाऊकच असतं, मग प्रयोग कशाला?

मानसशास्त्राला नावं ठेवणाऱ्यांचे आक्षेप साधारण तीन असतात. पहिला, यात नवं काय? आजीला ठाऊक होतं तेच हे लोक पदव्या लावून सांगतात. दुसरा, याचे प्रयोग पुन्हा करून पाहिले की फसतात. मग हे शास्त्र कसलं? तिसरा, हे पोट भरलेल्यांचे चोचले. गरिबाला त्याचा काय उपयोग? आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत, म्हणून एकेकाचा समाचार घेऊ.

आधी पहिला आक्षेप. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत लहान मुलांना भेटायला आईबापांना आठवड्यातून एखादाच तास मिळे. काही ठिकाणी तेवढाही नाही. कारण काय, तर भेट संपली की मुलं आकांत करतात, भेटच नसली की गप राहतात. मुरलेल्या परिचारिकांचं आणि नावाजलेल्या डॉक्टरांचं हे व्यवहारज्ञान होतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करणारे जेम्स रॉबर्टसन सांगत राहिले की ही मुलं रुळलेली नाहीत, खचलेली आहेत. कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दोन वर्षांची एक मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झाली होती. रडण्याचे तेवढे क्षण वेचले असा आरोप नको, म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रण केलं आणि वॉर्डातलं घड्याळ त्याला साक्षीला ठेवलं. मुलगी फारशी रडत नाही. चेहरा आवळून बसते. शेवटच्या दिवशी आई न्यायला येते. पोरगी आपल्या वस्तू गोळा करते, निघते, पण आईचा हात काही धरत नाही.

१९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला, तेव्हा वैद्यकीय मंडळी खवळली. तरी १९५९ मध्ये सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनं मुलांच्या वॉर्डाचं दार आईबापांना मोकळं ठेवण्याची शिफारस केली. ती अमलात यायला आणखी बरीच वर्षं आणि पालकांच्या संघटनांचा रेटा लागला.

‘आपल्याकडे आई खाटेपाशी असतेच की, त्यात काय मोठंसं?’ असं कोणी म्हणेल. पण तिला बाहेर ठेवणारेही स्वतःला शहाणेच समजत होते. दोन शहाणपणं आमनेसामने आली की खरं कोणतं, हे वयावरून किंवा हुद्द्यावरून ठरत नाही. तिथे निरीक्षणच लागतं.

‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ याहून भक्कम पुरावा नाही, हेही असंच एक शहाणपण. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फीत दाखवली. गाड्यांचा वेग विचारताना काहींसाठी ‘धडकल्या’ असा साधा शब्द वापरला, काहींसाठी ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? फितीत तशी काच नव्हतीच. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६. असं संशोधन साठत गेलं आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं ते ग्राह्य धरून प्रत्यक्षदर्शींनी आरोपीची पटवलेली ओळख तपासण्याचे निकषच बदलले. निरपराध माणूस तुरुंगात जाण्याचा एक रस्ता त्यामुळे अरुंद झाला.

आता दुसरा आक्षेप. २०१५ मध्ये १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिले. त्यांतल्या जेमतेम ३६ टक्क्यांत ठोस निष्कर्ष पुन्हा मिळाला. हे लाजिरवाणं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण हे बिंग फोडलं कोणी? सुमारे २७० संशोधकांनी, त्याच शास्त्रातल्या. ज्योतिषांच्या एखाद्या परिषदेनं आपली फसलेली शंभर भाकितं मोजून छापल्याचं कोणी ऐकलंय?

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. खिन्न माणसाला आपण म्हणतो, ‘बरं वाटू दे, मग लाग कामाला.’ वर्तन-सक्रियतेचा उपचार नेमका उलटा जातो: आधी छोटं, जमेल असं काम ठरवून करायचं, मन मागाहून येतं. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर याची चाचणी घेतली. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. थोडक्या प्रशिक्षणानं तयार केलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, बस्स. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तीन महिन्यांनी या उपचारातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त केंद्रातले नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हा आकडा ३९ टक्के होता. चोचले म्हणायचे ते हेच का?

तेव्हा मागणी सरळ आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा प्रशिक्षित समुपदेशक नेमा. त्यासाठी ना महागडं यंत्र लागतं, ना मोठा डॉक्टर. ‘आमच्याकडे हे चालणार नाही’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते जरूर म्हणावं. फक्त दहा केंद्रांत करून पाहावं आणि मग म्हणावं.