हातचे कसब : पांढऱ्या साडीवरचा ठिपका



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा रात्री साडेनऊला दारात येऊन उभा राहिला. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, मागे त्याची आई. तिने बचत गटातून कर्ज काढून त्याला जुना, वापरलेला डिजिटल कॅमेरा घेऊन दिला होता. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन अशी कामे नुकतीच मिळू लागली होती. आता एका लग्नघरच्या मंडळींनी निम्मे पैसे अडवून ठेवले होते. कारण, फोटोंवर काळपट ठिपका. विहाराबाहेर काढलेल्या फोटोंत तो वर उजव्या बाजूला, नेमका त्याच जागी. कुठे आभाळात, कुठे आत्याबाईंच्या पांढऱ्या साडीवर, आणि एका फोटोत तर नवरीच्या गालावर, तीट लावल्यासारखा!

"भाऊजी, हा कॅमेरा आम्हाला लाभलाच नाही," वहिनी म्हणाल्या. "विकून टाकतो म्हणतोय."

मला हसू आले आणि थोडा रागही आला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात 'लाभला नाही' ही भाषा कुठून आली? ठिपका पडला म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार. ते शोधायचे सोडून आईच्या कर्जाचा कॅमेरा निम्म्या किमतीत फुंकायचा?

मी त्याला विचारले, "विहाराच्या आत काढलेल्या फोटोंत ठिपका आहे का?" तो म्हणाला, "नाही काका, तेच तर कळत नाही." खरे तर तिथेच उत्तर होते.

पूर्वी फोटो रोलवर निघत. १९५६ च्या धम्मदीक्षेचे जे फोटो आपल्या घरोघरी आहेत तेही रोलवरचेच. रोलमध्ये प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे सरकतो. त्यामुळे एका तुकड्यावर बसलेली धूळ त्याच्याबरोबर निघून जाते. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर नावाची पट्टी असते, मोठ्या कॅमेऱ्यात ३६ × २४ मिलिमीटरची, साध्यात त्याहून लहान. ती जागची हलत नाही. तिच्यावरच्या काचेवर एक कण बसला की पुढच्या हजार फोटोंत त्याच जागी त्याची सावली पडणार. धूळ बहुधा लेन्स बदलताना आत शिरते.

मग आतल्या फोटोंत ठिपका का नाही? ट्यूबलाइटखाली हात धरा, सावली पुसट पडते. लहान दिव्यासमोर धरा, रेखीव पडते. अंधाऱ्या खोलीत लेन्सचे तोंड मोठे उघडावे लागते. उजेड सगळीकडून येतो आणि कणाची सावली विरून जाते. बाहेर उन्हात तोंड बारीक होते, एफ १६ वगैरे, आणि कण लपत नाही. आपल्या कार्यक्रमांत पांढरी वस्त्रे आणि मोकळे आभाळ, त्यामुळे तो जास्तच उठून दिसतो.

खात्री करायची रीत सोपी आहे. आयएसओ १०० ठेवावा, अॅपर्चर एफ १६ किंवा २२. पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा रोखून फोकस मुद्दाम बिघडवावा आणि फोटो काढावा. हात हलला तर उलट बरेच. भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचा कण मात्र कॅमेऱ्याबरोबरच हलतो, म्हणून स्पष्ट उमटतो. मग फोटो पडद्यावर मोठा करून कोपऱ्याकोपऱ्याने पाहावा. लेन्स बदलूनही ठिपका तिथेच, तर दोष सेन्सरचा. डोळा लावून बघायच्या खिडकीत केर दिसतो पण फोटोत येत नाही, तर तो आरशावरचा किंवा वरच्या काचेवरचा. त्याची चिंता नको. आणि लेन्सच्या पुढच्या काचेवरचा एखादा कण असा ठिपका पाडत नाही. आमचा मुलगा आठ दिवस तीच काच पुसत बसला होता.

एक ध्यानात ठेवा. लेन्स चित्र उलटे पाडते. फोटोत वर दिसणारा कण सेन्सरवर खाली असतो. समोरून पाहताना उजवा मात्र उजवीकडेच.

आता सफाई. चुल्लपंथक थेरांची गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक आहे. भगवंतांनी हाती दिलेले स्वच्छ फडके चोळता चोळता मळले आणि त्यांना बोध झाला. इथे मात्र फडके वर्ज्य! रुमाल, बनियन, कानातला कापूस, स्पिरिट, काहीही नको. तोंडाने फुंकायचे नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात. पंक्चरवाल्याच्या पंपाची हवा नको, तिच्यात तेल आणि पाणी असते. डब्यातली दाबलेली हवाही नको, कधी कधी तिच्यातून द्रव उडतो.

आधी मेनूमधली सेन्सर साफ करण्याची सोय दोन-तीनदा चालवावी. काच थरथरते आणि कण झडतो. तेवढ्याने न भागल्यास बॅटरी पूर्ण भरून, हाताने सफाई करण्याच्या सोयीतून आरसा वर करावा. अर्धवट बॅटरी मध्येच संपली तर आरसा खाली येतो. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरून रबरी फुग्याच्या ब्लोअरने सात-आठ फुंकी माराव्यात. नळी आत घालू नये. पंखा बंद.

आमचे काम इथेच झाले. पुन्हा भिंतीचा फोटो काढला. तो मुलगा पडद्यावर कोपरा शोधतच राहिला, ठिपका नव्हता. वहिनींनी तेवढ्यात विचारले, "म्हणजे बिघडला नव्हता?"

चिकट किंवा तेलकट डाग फुग्याने जात नाही. गोल, कडेला फिकट वलय असलेला डाग बहुधा शटरच्या तेलाचा असतो. कधी कधी चूक आपली नसतेच. निकॉनच्या डी ६०० या २०१२ च्या कॅमेऱ्यात असे डाग पडत, आणि २०१४ मध्ये कंपनीने शटर फुकट बदलून दिले. असा डाग काढायला सेन्सरच्या मापाचा स्वॅब आणि त्याचेच द्रव मिळते. दोन थेंब घेऊन, न दाबता, एका कडेपासून दुसरीकडे एकदा ओढायचा, बाजू पालटून परत आणायचा आणि टाकून द्यायचा. तोच पुन्हा फिरवला तर ओरखडा. हात थरथरत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटरला द्यावा, त्यात कमीपणा नाही.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, वाऱ्याकडे पाठ. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा गुलाल उडत असताना किंवा ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या धुळीत लेन्स बदलूच नये. बॅगही महिन्यातून एकदा झटकावी, अर्धी धूळ तिच्यातच असते.

लग्नाच्या फोटोंतले ठिपके त्याने दोन रात्री जागून संगणकावर एकेक करून काढले. नवरीच्या गालाला जरा वेळ लागला. रविवारी अल्बम दिला आणि अडवलेले पैसे मिळाले. त्यातून गटाचा थकलेला हप्ता भरला, आणि उरलेल्यातून त्याने स्वतःचा फुगा घेतला. माझा परत आणून दिला.