‘उपजत’ नावाची शिवी

शनिवारी सकाळी सोलापूर गाडीतून घरी चाललो होतो. टोलनाक्याच्या रांगेत गाडी अडकली आणि मी कॉलेजच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड वाचला. (वाचायला नको होता. वीकेंड तिथेच खराब झाला.)

फॉरवर्ड साधारण असा: १९२९ साली एक पंजाबी जमीनदार आपल्या निरक्षर नोकराला घेऊन लंडनला गेला. नोकराला ना पुस्तक माहीत, ना थिअरी. तरी त्याने इंग्रजांना त्यांच्याच घरात बुद्धिबळात लोळवलं! खाली टाळ्या, तिरंगे, आणि आमच्याच बॅचच्या एका महाभागाची कॉमेंट, ‘हे शिकवून येत नाही, रक्तातच असावं लागतं.’

मी काही बुद्धिबळाचा जाणकार नाही. ऑनलाइन रेटिंग सांगण्यासारखं नाही, आणि रात्री दोननंतर तर ते अजून खाली जातं. पण मीर सुलतान खान या माणसाबद्दल जे मिळेल ते मी गेली काही वर्षं वाचतोय, आणि ही ‘रक्तातलं टॅलेंट’वाली गोष्ट ऐकली की डोक्यात जाते. मूळ गोष्टीचा अर्थ नेमका उलटा आहे म्हणून.

सुलतान खान पंजाबातल्या मिठा टिवाण्याचा. वडिलांनी लहानपणी शिकवलेलं बुद्धिबळ देशी. म्हणजे आपल्याकडे पारावर खेळायचे तसंच. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जाणार. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल. प्यादं पटाच्या टोकाला पोचलं की थेट वजीर होत नाही. ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होतं. आजच्या खेळाशी ताडून पाहा. सुरुवातीच्या सगळ्या ओपनिंगा बाद, शेवटाचा बराचसा हिशोब बाद. एका भाषेत दहा वर्षं कोड लिहिलेल्या माणसाला उद्यापासून दुसऱ्या भाषेत, तेही मुलाखतीच्या खोलीत बसून लिही म्हणण्यासारखं.

सर उमर हयात खान या सरदाराने त्याला आश्रय दिला. त्याने विशीत पाश्चात्त्य नियम शिकून घेतले आणि १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा एकही डाव न हरता जिंकली. एप्रिल १९२९ मध्ये तो लंडनला पोचला. आता फॉरवर्डवाले जे गाळतात ते. तिथे त्याच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली. त्यात आपला हा ‘रक्तातला’ खेळाडू शेवटच्या जागेवर आला! एकाबरोबर बरोबरीत, पण शेवटच. रक्त तेच होतं. मेंदूही तोच.

मग विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोघांनी त्याला बसवून शिकवलं. येट्स म्हणजे तोवर पाच वेळा ब्रिटिश विजेता झालेला आणि १९२८ चा चालू चॅम्पियन. या तयारीनंतर त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला सुलतान खानने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. एप्रिलमध्ये बोटीतून उतरला, पहिल्याच परीक्षेत आपटला, मान खाली घालून शिकला, आणि काही महिन्यांत चॅम्पियन झाला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एक गोष्ट विरुद्ध बाजूचीही आहे. १९२९ चा तो उन्हाळा बुद्धिबळात मोठ्या गर्दीचा होता. कार्ल्सबादला बावीस जणांची प्रचंड स्पर्धा झाली. ती निमझोविचने जिंकली, कापाब्लांकाला अर्ध्या गुणाने मागे टाकून. येट्स आणि सर जॉर्ज थॉमस हे दोघे इंग्लंडचे मोहरे तिकडे गेले होते. म्हणजे रॅम्सगेटचं मैदान थोडं मोकळं होतं असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. पण मग १९३२? आणि १९३३? त्या दोन्ही वर्षीही ब्रिटिश विजेता तोच. मधल्या काळात त्याने हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं, १९३१ मध्ये टार्टाकोव्हरविरुद्धची मॅच जिंकली, त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडला इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून फ्लोर आणि रुबिनस्टाइनला हरवलं. नशिबावर एवढं चालत नाही राव.

आणि तो ‘निरक्षर नोकर’? अलीकडे त्याच्या घरच्यांनीच या वर्णनाला जाहीर आक्षेप घेतलाय. पण आपल्याला ते वर्णन सोडवत नाही, कारण गोष्ट मग तेवढी गोड लागत नाही. अडाणी माणूस चमत्कार करतो तेव्हा टाळ्या वाजवून मोकळं होता येतं. माणूस मेहनतीने शिकला म्हटलं की लगेच प्रश्न येतो, बाकीच्यांना कोणी शिकवलं नाही का? या प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर कोणालाच द्यायचं नसतं.

प्रतिभा नव्हती असं मी म्हणत नाहीये. खुद्द कापाब्लांकाने त्याला असामान्य प्रतिभेचा म्हटलंय, त्यापुढे मी कोण? माझं भांडण ‘शिकवून येत नाही’ या वाक्याशी आहे.

आता मराठी बाजू. १९३३ च्या अखेरीस सर उमर त्याला परत घेऊन आले. १९३५ साली सुलतान खानची मॅच झाली व्ही. के. खाडिलकरांशी. आडनावच सांगतंय कुठल्या मातीतलं. दहा डाव झाले. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी, बाकी नऊ सुलतान खानने जिंकले. साडेनऊ-अर्धा! बुद्धिबळ जर ‘इंडियन ब्रेन’मध्ये आपोआप येत असेल, तर समोरासमोर बसलेले दोन्ही ब्रेन इंडियनच होते की. मग हा साडेनऊ-अर्धा आला कुठून? एकाच्या मागे हेस्टिंग्ज, प्राग, हॅम्बर्ग आणि जगातल्या पहिल्या दहा-वीस जणांशी केलेली झुंज होती. आणि खाडिलकरांचं मला विशेष वाटतं ते असं, की अशा माणसासमोर ते दहा डाव बसले. आपल्या फॉरवर्डांमध्ये त्यांचं नाव कधी आलेलं पाहिलंय? मी तरी नाही.

त्या मॅचनंतर सुलतान खान मोठ्या बुद्धिबळातून गायबच झाला. सोबत बसायला येट्स-विंटर नाहीत, स्पर्धा नाहीत. रक्त मात्र तेच होतं. १९५० मध्ये फिडेने पहिले ग्रँडमास्टर जाहीर केले, त्यात त्याचं नाव नव्हतं. १९६६ साली सरगोध्याला तो वारला. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ च्या फेब्रुवारीत. मेल्यावर ५८ वर्षांनी. असो.

नियम बदलायची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली कोण जाणे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडितांचं बुद्धिबळावरचं संस्कृत पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, आणि त्यातला खेळ युरोपियन पद्धतीला जुळवून घेतला होता. शास्त्रीबुवांना त्यात कमीपणा वाटला नाही.

हे सगळं मला एवढं का लागतं, त्याचं कारण पाटसमध्ये आहे. मला बुद्धिबळ आबांनी शिकवलं, माझ्या आजोबांनी. अर्थातच देशी. पाचवीत असताना पुण्याला एका शालेय स्पर्धेत गेलो. पहिलाच डाव. राजा अडचणीत आला तसा मी आबांच्या पद्धतीने त्याला ऐटीत अडीच घरं उडवला. समोरचा मुलगा आधी बघतच राहिला, मग हसला, मग हात वर केला. पंच आले, म्हणाले ही चाल चालत नाही. राजाला हात लावलाय, आता राजाच हलव. हलवला. सहा-सात चालींत मात.

परतीच्या गाडीत दौंडकडे येताना मी आबांना म्हणालो, ‘तुम्हाला काहीच येत नाही.’ दहा वर्षांचा होतो हे काही निमित्त होत नाही. डब्यात ओळखीची माणसं होती. आबा खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर हातपाय धुतले, चहा घेतला, पट मांडला आणि म्हणाले, ‘मंग शिकव की मला.’

सत्तरीचा माणूस. किल्लेकोट त्यांना पटायचा नाही. ‘राजा घरातनं पळतोय आन् हत्ती बाहेर काढतोय, ही कसली मर्दुमकी’ म्हणायचे. वहीत पेन्सिलीने चाली लिहून ठेवायचे. दिवाळीपर्यंत मला हरवायला लागले. तेव्हा चुलते कौतुकाने म्हणाले, ‘आबांचं डोकंच उपजत हाय.’ आबांनी वही दाखवली नाही. मीही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता नोकरीतली गोष्ट. पहिल्या कंपनीत (नाव नको) दर अप्रेझलला माझ्याबद्दल लिहिलं जायचं, ‘रॉ टॅलेंट’. गावाकडून आलेला, इंग्रजी अडखळत, पण कोड चालतो. पहिल्या वर्षी मी हे घरी फोन करून सांगितलं होतं, एवढा खूश. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की क्लाउडच्या कोर्सला, कॉन्फरन्सला, क्लायंटकडे जाणारी यादी निघते तेव्हा रॉ टॅलेंट तिच्यात नसतं. ‘अरे तुला काय गरज, तू तर नॅचरल आहेस!’ शिकवायचा खर्च वाचवायची यापेक्षा स्वस्त आणि गोड युक्ती मी पाहिलेली नाही. शिवी दिली असती तर निदान भांडता आलं असतं.

आणि गंमत बघा, आता मीच टीममध्ये नवी पोरं घेतो. गेल्या महिन्यात बारामतीकडच्या एका मुलीच्या फीडबॅकमध्ये मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘नॅचरली गिफ्टेड’. फॉरवर्ड वाचताना तेच आठवलं आणि टोलनाका येईपर्यंत तोंड कडू झालं.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं, ‘सरावाच्या स्पर्धेत तो शेवटचा आला होता, माहितीये का?’ दोन तास शांतता. मग कोणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकला :-)

वही अजून कपाटात आहे, आज काढली. पहिल्या पानावर आबांनी लिहिलंय, ‘प्यादं पहिल्यांदा दोन घरं.’ खाली दोनदा रेघ. सोमवारी त्या मुलीचा फीडबॅक उघडून बदलणार आहे आणि कोर्सच्या यादीसाठी तिचं नाव पाठवणार आहे. बजेट नाही असं उत्तर येईल, त्याची तयारी करून ठेवलीय.