स्तंभातील आपला थर



न्यायालयात साक्षीदार तपासताना आम्हां वकिलांस एक गोष्ट लवकर उमगते. साक्षीदार खरे बोलला, परंतु घटनांचा क्रम चुकवून बोलला, तर ऐकणाऱ्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहते. आकड्यांचेही तसेच आहे.

आमच्या जानेफळच्या काही तरुणांनी वस्तीतील शिक्षणाची पाहणी केली आणि तिचा विभाजित स्तंभालेख करून मजकडे आणला. एक स्तंभ आजोबांच्या पिढीचा, दुसरा वडिलांच्या, तिसरा त्यांच्या स्वतःच्या पिढीचा. श्रम प्रामाणिक होते. पण संगणकाने थर वर्णानुक्रमे लावले होते: निरक्षर, पदवीधर, प्राथमिक, माध्यमिक. निरक्षराच्या डोक्यावर थेट पदवीधर बसला! तीन पिढ्या जी शिडी पायरीपायरीने चढल्या, तिच्या पायऱ्याच विस्कटल्या. ज्या वर्गांना मुळातच चढता क्रम आहे, त्यांचा क्रम मोडण्याचा अधिकार वर्णमालेला नाही. निरक्षर, प्राथमिक, माध्यमिक, पदवीधर असे थर लावताच तोच कागद बोलू लागला.

आता धर्माच्या कोष्टकाकडे वळू. जात, धर्म, व्यवसाय यांना असा अंगभूत चढउतार नसतो. तेथे क्रम मांडणारा ठरवितो. 2011 च्या जनगणनेच्या कोष्टकात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन असा क्रम आहे. देशाच्या लोकसंख्येचा तोच उतरता क्रम आहे. त्यात अन्याय नाही. पण हाच क्रम डोळे मिटून महाराष्ट्राच्या आलेखात उतरविला तर काय होते? या राज्यात 2011 साली बौद्ध 65,31,200 होते, जैन सुमारे 14 लाख, ख्रिस्ती सुमारे 11 लाख आणि शीख सव्वादोन लाखांच्या आत. म्हणजे येथे बौद्ध तिसऱ्या स्थानी आहेत; तरी आलेखात ते दोन बारीक रेघांच्या वर, पाचव्या थरात लटकतात. त्याहून वाईट म्हणजे देशात आपण शेकडा एकाहून कमी, म्हणून कित्येकदा आपणांस ‘इतर’ या थरातच लोटून देतात. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात 1951 साली अवघे 2,487 असलेले बौद्ध 1961 साली 27,89,501 झाले. 1956 च्या धम्मदीक्षेची ही नोंद ‘इतर’ या एका शब्दाखाली दिसेनाशी होते.

कोणी म्हणेल, क्रमाने संख्या थोडीच बदलते? संख्या बदलत नाही, दृष्टी बदलते. विभाजित स्तंभात तळाचा थर तेवढा सर्व स्तंभांत एकाच रेषेवरून सुरू होतो; म्हणून त्याचीच तुलना डोळ्यांना नीट करता येते. मधले थर खालच्यांच्या उंचीप्रमाणे वरखाली सरकतात. सबब ज्याच्याविषयी प्रश्न विचारला आहे, तो थर तळाशी ठेवावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येकाने सोयीने क्रम बदलला तर तुलनाच बुडेल. हे मला मान्य आहे. म्हणूनच प्रत्येक जिल्ह्याचा स्तंभ त्याच्या संख्येप्रमाणे वेगळा लावू नये. एका आलेखात क्रम एकच, रंग एकच, आणि बाजूची रंगसूचीही त्याच क्रमाने असावी. ‘इतर’ नेहमी टोकाला ठेवावे, आणि त्यात कोण आहेत हे खाली लिहावे. देशाच्या कोष्टकात देशाचा क्रम राहू द्या. महाराष्ट्राच्या आलेखात मात्र महाराष्ट्राचा हवा.

हे आपणांस सांगण्याचे कारण असे की, शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांच्या मागण्या आज आलेखांसह मांडल्या जातात आणि आलेखांनीच खोडल्या जातात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत मान्यता मिळाली. पण मिळालेला हक्क किती घरांपर्यंत पोहोचला, हे दाखविण्यास नीट मांडलेला पुरावा लागतो.

पुढील जनगणनेची संदर्भतिथी 1 मार्च 2027 अशी 2025 साली अधिसूचित झाली आहे. प्रगणकास उत्तर स्वतः द्या. धर्म ‘बौद्ध’ असाच लिहिला गेला की नाही, ते विचारून घ्या. आणि आपला मुलगा वा मुलगी उद्या आलेख घेऊन आली, तर पहिला प्रश्न हाच करा: बाळ, हे थर या क्रमाने का लावलेस? ज्याला उत्तर देता येते, त्याचाच आलेख साक्षीस उभा करण्याजोगा.

जय भीम.