मुका जीव आणि सावरणारं मन

दुःखात बुडालेल्या माणसाकडे एखादं कुत्रं किंवा मांजर येतं आणि तो हळूहळू सावरतो, अशा कादंबऱ्या पुष्कळ आहेत. काहींना त्या भाबड्या वाटतात. मला नाही वाटत. चांगल्या लेखकांना यातलं एक मर्म नेमकं सापडलंय. मुका जीव माणसाला सावरतो, कारण तो त्याला कामाला लावतो.

फ्रेडरिक बॅकमनची 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' ही २०१२ सालची स्वीडिश कादंबरी घ्या. बायको गेल्यावर ५९ वर्षांचा ओव्ह जगायचंच नाही असं ठरवून बसलाय. अशात बर्फात गारठलेलं एक भटकं मांजर त्याच्या गळ्यात पडतं. त्याला ते मुळीच नको असतं. पण एकदा घरात आल्यावर त्याचं खाणंपिणं बघायलाच लागतं. मरायचं ठरवलेल्या माणसाला उद्याचा विचार करायला लावणारं हे एवढंसं निमित्त!

केट डिकॅमिलोच्या 'बिकॉज ऑफ विन-डिक्सी'मध्ये (२०००) ओपल १० वर्षांची आहे. ती तीन वर्षांची असतानाच आई घर सोडून गेली. गावही नवीन. तिला एका सुपरमार्केटमध्ये बेवारस कुत्रा सापडतो. त्याच्यामुळे ग्रंथपालबाई, शेजारची म्हातारी अशी एकेक माणसं तिला जोडली जातात. आईची उणीव संपत नाही, पण आता तिचं बोलणं ऐकायला माणसं आहेत.

सिग्रिड नुनेझच्या 'द फ्रेंड'ला २०१८ मध्ये अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. तिच्यातल्या लेखिकेचा जुना मित्र आत्महत्या करतो आणि त्याचा भलामोठा ग्रेट डेन कुत्रा तिच्या छोट्या घरात येतो. त्या इमारतीत कुत्रा ठेवायला बंदी! शिवाय कुत्राही मालकासाठी झुरतोय. दोघं दुःखी, आणि दोघंही एकमेकांना उपदेश करत नाहीत. आपल्याकडे भेटायला येणारे "आता सावर, मुलांकडे बघ" म्हणतात, ते हा कुत्रा म्हणत नाही.

जीवदया म्हटलं की देणारे आपण आणि घेणारा तो, असं आपण धरून चालतो. तत्त्वार्थसूत्र मात्र सांगतं की जीव एकमेकांच्या उपयोगी पडतात. या तिन्ही गोष्टी मला त्याच अर्थाच्या वाटतात.

म्हणूनच ज्या गोष्टीत प्राण्याला नुसतं औषधाच्या गोळीसारखं वापरलेलं असतं, किंवा वाचकाला रडवण्यासाठी शेवटी मारलेलं असतं, ती मला खोटी वाटते. त्यालाही भूक आहे, भीती आहे. विन-डिक्सी तर वादळात गडगडाट झाला की घाबरून सैरावैरा पळतो आणि ओपलला त्याला सांभाळावं लागतं.

हे वाचून कुणी दुःखात असलेल्या मैत्रिणीला परस्पर कुत्र्याचं पिल्लू नेऊन देऊ नका. दहा-बारा वर्षांची ती जबाबदारी असते आणि ती घ्यायची की नाही, हे तिनेच ठरवायचं. मन थोडं उभारलं की तीच पुढे तसं म्हणेल. तोवर तिच्या गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याचं एक भांडं ठेवा आणि मूठभर ज्वारी. रोज सकाळी ते भांडं भरायचं काम मात्र तिच्याकडेच राहू द्या.