जनुक न कापता जागं करण्याचा मार्ग

नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेत सिकलसेलची पहिली तपासणी अगदी साधी असते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे पुढच्या तपासणीत ठरतं. रुग्ण निघालं तर हाडं पिळवटून काढणाऱ्या वेदना, रक्त चढवण्यासाठी दवाखान्याच्या खेपा आणि बुडणारी शाळा हे सगळं ओघानं येतं.

या आजारावरचा एक उतारा त्याच मुलाच्या अस्थिमज्जेत निजलेला असतो. सिकलसेलचा दोष बीटा ग्लोबिनच्या जनुकात आहे. आईच्या पोटात असताना बाळ बीटाऐवजी गॅमा ग्लोबिन वापरून हिमोग्लोबिन बनवतं आणि ते निर्दोष असतं. म्हणून हा आजार असलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. पुढे गॅमाची जनुकं गप्प होतात, बीटा कामाला लागतं आणि दुखणं सुरू होतं.

गप्प झालेल्या या जनुकांच्या तोंडाशी, डीएनएवर, मिथाइलचे गट चिकटलेले आढळतात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, इतकाच त्यांचा आकार. ते काढले तर काय होईल, याची झलक १९८२ मध्येच मिळाली होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी थॅलेसेमियाच्या एका रुग्णाला अझासायटिडीन दिलं आणि गॅमा ग्लोबिन वाढलं. पण हे औषध डीएनएवरचं मिथाइल सरसकट घटवतं, शिवाय पेशींना विषारीही ठरतं. त्यामुळे गॅमा मिथाइल गेल्यानं वाढलं की पेशींवर पडलेल्या ताणानं, हा वाद चालूच राहिला.

नेमकेपणा आला तो नव्यानं बांधलेल्या प्रथिनांमुळे. २००९ मध्ये अंजना राव यांच्या बोस्टनमधल्या प्रयोगशाळेतून ममता ताहिलियानी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की टेट-१ हे विकर मिथाइलचं रासायनिक रूप पालटतं. मिथाइल हटण्याची सुरुवात तिथूनच होते. मग डीएनए कापण्याच्या क्रिस्पर तंत्रातल्या कॅस-९ प्रथिनाची कापण्याची ताकद काढून घेऊन त्याला टेट-१ जोडण्यात आलं. डीएनएवरची ठरवलेली जागा कॅस-९ शोधतं आणि तिथलं मिथाइल टेट-१ हटवतं. डीएनएचा धागा तुटत नाही, अक्षरक्रमही बदलत नाही. रुडॉल्फ जेनिश यांच्या गटानं २०१८ मध्ये याच जोडीनं फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक विकारात बंद पडलेलं जनुक रुग्णांच्या पेशींपासून घडवलेल्या चेतापेशींमध्ये पुन्हा सुरू केलं.

२०२५ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या मर्लिन क्रॉसली यांच्या गटानं अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या साथीनं गॅमा ग्लोबिनवर हाच प्रयोग केला. मिथाइल काढलं, जनुक जागं झालं. परत लावलं, ते पुन्हा गप्प झालं. मिथाइल ही जनुक बंद असल्याची निव्वळ खूण नाही, तेच त्याला बंद ठेवतं, हा जुन्या वादाचा निकाल लागला.

भारतानं या संशोधनात आत्ताच उतरायला हवं. सिकलसेलवरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे १८ कोटी रुपये आहे. त्यात डीएनए कापला जातो आणि आधी तीव्र केमोथेरपी देऊन मज्जा रिकामी करावी लागते. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं स्वतःचं क्रिस्पर तंत्र विकसित केलं, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करारही झाला. हे कौतुकाचंच आहे. मिथाइल काढण्याचं संशोधन त्याच्या जोडीनं व्हायला हवं.

शंका खऱ्या आहेत. मिथाइल परत चिकटू शकतं, प्रथिन भलत्याच जागी काम करू शकतं आणि सिकलसेलसाठी हे तंत्र अजून प्रयोगशाळेतल्या पेशींपुरतंच आहे. पेशी बाहेर काढून दुरुस्त करायच्या असतील तर केमोथेरपीही टळत नाही. खरा फायदा हे प्रथिन इंजेक्शनातून थेट मज्जेपर्यंत पोचवता आल्यावर होईल, आणि पैसा व माणसं नेमकी त्या कामावर लागायला हवीत.

गोळ्या धड पोचत नाहीत तिथे या संशोधनाची काय घाई, असं कुणी विचारेल. पण सिकलसेलवर आज दिली जाणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळीसुद्धा मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवूनच गुण देते. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनोन्‌महिने खंड न पडता मिळालीच पाहिजे आणि संशोधनाच्या नावाखाली तिच्या निधीला हात लागता कामा नये.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवलं आहे. निदान झालेल्यांना बरं करण्याच्या संशोधनासाठी मोहिमेत स्वतंत्र तरतूद हवी. नागपूर, चंद्रपूरची वैद्यकीय महाविद्यालयं त्यात भागीदार असावीत. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा रुग्णांनी समजून-उमजून दिलेल्या पेशींवर या प्रथिनांची चाचणी व्हावी. आणि उद्या त्यातून औषध निघालंच, तर ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळेल, ही अट पहिल्याच करारात लिहिलेली असावी.